पहिला दाणा कोणाचा

"मी पोरीच्या बाळंतपणाले चाळीस दिवस नागपूरले जाणार," असं मी ज्या दिवशी घरात बोलली, त्या दिवशी माझ्या दिरानं चहाची बशी तोंडापासून खाली ठेवली. "चाळीस? वहिनी, चार म्हणा. चाळीस दिवसांत मिल उभी राह्यल का? खेती खसम सेती म्हणतात, ते काय उगाच म्हणतात?"

ही म्हण आमच्या बालाघाटात लेकरायले दुधासंगं पाजतात. शेती धन्याच्या जिवावर. धनी बांधावर नसला तं पीक नाही. मले या म्हणीचा पहिल्यापासून राग. माझा खसम जाऊन अकरा वर्षं झाली. तो गेल्यावरही मिल चालली, तं याच लोकायनं खसमाच्या जागी मले उभं केलं. म्हणजे सुटका नाहीच. नवरा मेला, आता तू राह्य बांधावर उभी.

"चाळीस," मी म्हटलं. "एक्केचाळीसही होतील."

आमची मिल म्हणजे काही मोठा कारखाना नाही. हट्टा गावाच्या रस्त्याले, घरं संपतात तिथं एक पत्र्याचं शेड, दोन हौद, एक भट्टी, एक मशीन अन् नऊ माणसं, त्यात सहा बाया. पोहे बनतात. धान गरम पाण्यात भिजवायचं, भट्टीवर रेतीत भाजायचं, मशीनीत चपटं करायचं. सांगाले एका दमात होते. पण सगळी गोम भिजवण्यात. कमी भिजलं तं पोह्याचा चुरा होते, जास्त भिजलं तं आंबट वास मारते अन् माल ढोरायपुढं टाका लागते. अन् किती भिजवायचं हे घड्याळ सांगत नाही. जुनं धान वेगळं, नवं वेगळं, थंडीतलं वेगळं, ढगाळ दिवसातलं वेगळं. त्यासाठी दाणा चावून पाहा लागते. हौदातून एक दाणा घ्यायचा, दाढेखाली दाबायचा, बाहेर काढून तळहातावर पाहायचा. मधात पांढरा ठिपका दिसला तं कच्चा. चपटा झाला अन् तुटला नाही तं धान काढा. पिठावानी झाला तं गेला.

हे चावणं माझ्या सासऱ्यानं माझ्या नवऱ्याले शिकवलं, नवऱ्यानं मले, अन् मी कोणालेच नाही. अकरा वर्षं रोज सकाळी सहाले मी हौदापाशी उभी. ताप असो, थंडी असो. एक दाढ किडली तं दुसऱ्या बाजूनं चावलं, पण चावलं मीच.

अन् त्या चावण्यानं माझं काय नेलं, ते आता सांगते.

चार वर्षांआधी पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. तिले सासू नाही, नणंद नाही. जवाई नोकरीवाला, भला माणूस, पण बाळंतिणीचं त्याले काय समजणार! पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा आपला रिवाज, पण डॉक्टरीण प्रवासाले नाही म्हणली, म्हणून ठरलं की मीच तिकडं जायचं. दिवस नव्या धानाचे होते. तिले दुखायले लागलं तसा जवायाचा फोन आला. मी म्हटलं, हौदात धान हाये, एवढं काढते अन् सकाळच्या गाडीनं निघते. एवढं काढलं, तं भट्टी बिघडली. भट्टी सुधरली, तं दुसऱ्या हौदाची पाळी आली. मी तिसऱ्या दिवशी पोहोचली. शेजारची एक बाई माझ्या नातीले पायावर घेऊन आंघोळ घालून राह्यली होती. मी दारात पिशवी घेऊन पाहुणीवानी उभी.

एक रात्र राह्यली अन् परत निघाली, कारण मिलमधून फोनवर फोन. पोरगी एका शब्दानं बोलली नाही. तिनं मले डबा भरून दिला, वाटेत खायले. तीन दिवसांच्या बाळंतिणीनं आईले डबा भरून दिला! तो डबा मी गोंदियापर्यंत मांडीवर घेऊन बसली, उघडायची हिंमत झाली नाही.

ती नात आता चार वर्षांची हाये. मले 'पोहेवाली आजी' म्हणते. दुसरी आजी नाही बिचारीले, तरी मी नुसती 'आजी' नाही.

अन् या वेळी तं पोरीनं मले सांगतलंच नाही. पाचवा महिना लागल्यावर जवायाच्या तोंडून निघालं. मी लगेच फोन लावला, म्हटलं, "काहून सांगतलं नाही व मले?"

ती एकदम शांत आवाजात म्हणली, "सांगून काय करू आई? तू काही येत नाहीस. उगाच तुले बहाणा शोधाचा त्रास."

भांडली असती तं बरं झालं असतं. माझी पोट्टी भांडकुदळ होती लहानपणी, घर डोक्यावर घ्याची. आता ती माझ्यापाशी भांडतही नव्हती, मागतही नव्हती. मले राग आला, अंगाची लाही लाही झाली, पण काढू कोणावर? आपलेच दात अन् आपलेच ओठ. फोन ठेवला अन् बाहेर येऊन चाळीस दिवसांचं बोलली.

दिराजवळ उपाय तयारच होता. त्याचं बाजारात भांड्यायचं दुकान हाये. म्हणे, "मी बसतो ना गादीवर चाळीस दिवस. माणूस बसलेला दिसला पायजे वहिनी. कामवाल्यायले धाक राह्यते."

गादी म्हणजे शेडच्या दाराशी लाकडी चौथऱ्यावर टाकलेली जागा, पांढऱ्या चादरीची. सासरा तिथंच बसे, मंग नवरा बसे. मी कधी धड बसली नाही, पण ती अकरा वर्षं तशीच ठेवली. दिराची नजर तिच्यावर होती, हे काय मले माहीत नव्हतं? त्याले दाणा चावता येत नाही, भट्टीची आच समजत नाही. तो फक्त बसणार. अन् चाळीस दिवस बसलेला माणूस एक्केचाळिसाव्या दिवशी उठते का कधी?

दुसऱ्या दिवशी मी गादी उचलली. चादर धुऊन घरी नेली, कापूस काढून उशा केल्या, अन् चौथरा आत सरकवून त्यावर बायायच्या डब्यायसाठी अन् चहासाठी जागा केली. दीर आला, दारात थबकला. "वहिनी, माझ्या बापाची जागा होती ती!"

"बापाच्या जागी आता बाया डबे खातील," मी म्हटलं.

बोलाले तं मी बोलली. पण मिल माझ्याबिगर चालली कुठं होती? पाह्यलं पायजे म्हणून मी एक परीक्षा घेतली. रामपायलीले माझ्या मावसभावाच्या पोराचं लग्न होतं. आजवर अशा लग्नात मी फुलं टाकून परत यायची. या वेळी म्हटलं, दोन दिवस राह्यते. कामवाल्यायले गोळा करून नीट समजावून सांगतलं: पाणी किती गरम, धान किती, दाणा कसा चावायचा, ठिपका कसा पाहायचा. सगळ्यायनं माना हलवल्या. सगळ्यात जास्त मान हलवली ती बिरसावालीनं.

बिरसावाली म्हणजे आमच्या हौदावरची मुख्य बाई. बिरसा गावाकडची गोंडीण, लग्न होऊन इकडं आली, म्हणून तिले सगळेच बिरसावाली म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनची. हातात ताकद अशी की धानाचं भरलं पोतं एकटी ओढते. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड यायची वेळ. मी नवी साडी नेसून मांडवात उभी. तेवढ्यात मोटारसायकलवर आमचा भट्टीवाला हजर. घामाघूम. मले वाटलं, आग लागली, की कोणी मशीनीत सापडलं. त्यानं खांद्यावरचा लाल गमछा सोडला, गाठ उकलली अन् माझ्यापुढं धरला. आत मूठभर ओलं धान.

"बाई, चबाके देख लो," तो म्हणला. "निकालें क्या?"

हा माणूस बालाघाटहून रामपायलीले आला होता, मले दाणा चावायले! वऱ्हाडी पाहून राह्यले, नवरदेवाचा मामा पाहून राह्यला, अन् मी मांडवात उभी राहून धान चावली. सवयीची गुलाम, दुसरं काय! दाणा बरोबर होता. अगदी नेमका. म्हणजे तो गमछ्यात बांधला तेव्हा नेमका होता. आता तो परत जाणार, मंग धान काढणार. तोवर हौदातलं काय होईल हे सांगाले शहाणी नको.

"अरे, मले फोन काहून नाही केला?"

"फोन से कैसे चबाओगी?"

तो हौद गेला. दोन दिवसांनी मी परत आली तं शेडात आंबट वास, अन् दारात दीर उभा, तोंडावर दुःख अन् डोळ्यात आनंद. "मी म्हणत होतो वहिनी." गावभर झालं. भाजीवालीनंही विचारलं, तुमचे पोहे लग्नाले गेलते म्हणे? लोक हसले, हसू द्या. मले हसू येत नव्हतं. पोरीचा सातवा महिना लागला होता.

मंग मी हात धुऊन मागं लागली. भिंतीवर घड्याळ लावलं. पाण्यात टाकायचं थर्मामीटर आणलं. कच्चा, बरोबर अन् गेलेला, अशा तीन दाण्यायचे मोठे फोटो काढून हौदाच्या वर चिकटवले. जे वाचत नाहीत त्यायच्यासाठी मोबाइलवर चावून दाखवलं. अन् मंग मी मुद्दाम सहाले न जाता सातले गेली. तं सगळे हौदाभोवती गोल उभे. घड्याळाकडं पाहतात, फोटोकडं पाहतात, अन् रस्त्याकडं पाहतात. माझी स्कूटी दिसली तसा सगळ्यायनं श्वास सोडला. बिरसावालीनं दाणा काढून माझ्या हातात ठेवला.

माझं डोकं फिरलं. "अरे, तुमचे दात काय भाड्याचे हायेत का? एक दाणा चावता येत नाही? नऊ जणायच्या तोंडात मिळून एक दाढ नाही?" लई बोलली मी. बोलू नये ते बोलली. आळशी म्हणली, अडाणी म्हणली. कोणी वर पाह्यलं नाही.

दुपारी चहाच्या वेळी बिरसावाली माझ्याजवळ येऊन बसली. त्याच चौथऱ्यावर. कप फिरवत म्हणली, "बाई, चबाना सबको आता है."

"तो क्यों नहीं चबाते?"

"हमारे यहाँ नवाखाई में नया धान आता है न, तो पहला दाना घर का बड़ा मुँह में डालता है। उसके बाद बाकी सब। बड़े से पहले कोई जूठा नहीं करता।" तिनं कप खाली ठेवला. "यहाँ बड़े तुम हो। इतने साल पहला दाना तुमने लिया। तुम्हारे रहते हम कैसे जूठा कर दें पूरा हौद?"

जूठा म्हणजे उष्टं. अकरा वर्षं मी समजत होती की यायले येत नाही. अन् हे लोक मले मान देऊन राह्यले होते! रोज सकाळी, हौदाभोवती उभं राहून, घरच्या वडीलधाऱ्याले देतात तसा. मिल माझ्याबिगर अडत होती ती अडाणीपणानं नाही, अदबीनं.

अन् खरं सांगू? मले ते आवडत होतं. इथं लपवून काय फायदा. सकाळी सहाले सगळे माझ्या तोंडाकडं पाहतात, मी दाढ दाबते, कोणी बोलत नाही, अन् मी म्हणते, "काढा." त्या एका शब्दाची मले चटक लागली होती. दुनियेत दुसरं कोण माझ्या शब्दासाठी असं थांबते? नवरा गेल्यावर घरात तं कोणी नाही. मी कोणाले शिकवलं नाही ते काही वेळ नव्हता म्हणून नाही. शिकवलं असतं तं माझ्याकडं कोण पाह्यलं असतं? या एका गोष्टीपायी मी पोरीच्या दारात पाहुणी झाली, अन् वर म्हणत फिरली की मिल मले सोडत नाही. मिल कायची पकडते? मीच मिलीले धरून बसलेली.

त्या रात्री मले माझी आजी लई आठवली. आमचं घर बौद्ध. आजीच्या लहानपणी गावात लग्नाची पंगत उठली की आमच्या लोकायच्या पदरात उष्टं टाकत, अन् आमच्या हाताचं मात्र कोणाले घोटभर पाणी चालत नसे. आजी सांगे अन् सांगता सांगता दात खाई. मरेपर्यंत तिनं आमच्या घरात 'उष्टं' हा शब्द चालू दिला नाही. एका ताटात चार लेकरं जेवाची, एका पेल्यानं पाणी प्याची. अन् तिची नात मिल मालकीण झाली, तं तिच्या मिलीत नऊ माणसं उष्टं होईल म्हणून दाणा तोंडात टाकत नव्हती! मले माझीच लाज वाटली.

सकाळी सहाले मी गेली. सगळे उभे होतेच. बिरसावालीनं दाणा काढला अन् माझ्यापुढं हात केला. मी हात मागं बांधले.

"तू चबा."

तिनं मान हलवली. "बाई..."

"मेरे घर में बड़ा-छोटा नहीं है। चबा।"

ती माझ्याकडं पाहत राह्यली, मंग बाकीच्यायकडं. भट्टीवाला पायाकडं पाहून राह्यला होता. शेवटी तिनं दाणा तोंडात टाकला, हळूच दाबला, काढून तळहातावर ठेवला. चपटा, मधात बारीक पांढरा ठिपका. "अभी थोड़ा बाकी है," ती म्हणली.

मी तिच्या तळहातावरचा तोच दाणा उचलला अन् माझ्या तोंडात टाकला. चावला. तिच्या दातायच्या खुणांवर माझे दात.

एक बाई "अव माय" म्हणून तोंडावर पदर घेऊन राह्यली. बिरसावालीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी दाखवलं नाही.

"हौ, थोडा बाकी है," मी म्हटलं. "आज से पहला दाना इसका। ये नहीं आई, तो जो हौद पर खड़ा है उसका। मेरा आखिरी।" अन् स्कूटी काढून घरी निघून आली, दाणा पुन्हा न पाहता.

कोणी म्हणल, झालं मंग. कुठं झालं बाप्पा! पुढचे दोन महिने माझी परीक्षा होती, त्यायची नाही. सकाळी सहाले माझे पाय आपोआप दाराकडं जात. मी घराचं फाटक आतून लावायची अन् कुंड्यायले पाणी घालायची. इतकं पाणी घातलं की गुलाब सडला. मिलीत पहिले काही दिवस लई गोंधळ झाला. पहिला दाणा चावायची बंदी उठली, तं सगळेच चावायले लागले. एक म्हणे काढा, दुसरी म्हणे थांबा. भट्टीवाल्याचं अन् बिरसावालीचं तं बोलणं बंद झालं दोन दिवस. मले सगळं कानावर येत होतं. जीभ शिवशिवत होती, पण मी गेली नाही.

एक हौद त्यायनं नासवला. मले सांगतलंच नाही, ढोरायले टाकला अन् हौद धुऊन काढला. आठ दिवसांनी बिरसावालीनं स्वतःहून सांगतलं. माझ्या तोंडावर आलंच होतं, 'मले तेव्हाच काहून विचारलं नाही?' जिभेच्या टोकावर होतं. गिळलं. कारण विचारलं असतं तं पुन्हा तोच गमछा, तोच मांडव. मी एवढंच विचारलं, "मंग समजलं का काय चुकलं?" ती म्हणली, ढगाळ होतं, पाणी लवकर थंडं झालं, झाकायले पायजे होतं. हे मले माझ्या नवऱ्यानंही कधी सांगतलं नव्हतं. मले वाईटही वाटलं अन् बरंही.

नववा महिना संपत आला तशी मी बॅग भरली. दीर फाटकापर्यंत आला. "वहिनी, अजून विचार करा. हात दाखवून अवलक्षण कायले? मी रोज एक चक्कर मारतो."

"मारा चक्कर," मी म्हटलं. "चहा प्या. बायायले विचारून बसा, जागा असली तं."

नागपूरले पोहोचली तं पोरीनं दार उघडलं. पोट एवढं मोठं, पाय सुजलेले. माझ्या बॅगेकडं पाह्यलं. बॅग मोठी होती.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"चाळीस."

"बरं," ती म्हणली. दुकानदार उधारीचा वायदा ऐकून म्हणते तसं 'बरं'. तोंडानं सांगून पटायचे दिवस गेलते.

तिसऱ्या दिवशी तिले दुखायले लागलं. या वेळी तिचा हात माझ्या हातात होता, अन् तिनं तो असा दाबला की बांगडी वाकली. पोरगा झाला. आंघोळ मी घातली, शेक मी दिला, डिंकाचे लाडू मी वळले. नात दारातून पाहायची. पोरगी मात्र अजून जपून होती. फोन वाजला की तिची मान वळायची. माझ्या तोंडाकडं पाहायची, कोणाचा हाये, काय म्हणते. मी ओळखलं की ती दिवस मोजून राह्यली होती, माझ्या जाण्याचे.

अन् बाराव्या दिवशी जवाई बस अड्ड्यावरून एक पार्सल घेऊन आला. बालाघाटच्या गाडीच्या ड्रायव्हरनं आणून दिलं, म्हणे. लाल गमछा, वर घट्ट गाठ.

तो गमछा मी ओळखला. रामपायलीचा मांडव डोळ्यापुढं उभा राह्यला. पोरीनंही ती गोष्ट ऐकली होती, आमच्या घरात ती कोणी ऐकली नाही? ती खाटेवर लेकराले पाजत बसली होती. गमछ्याकडं पाह्यलं, अन् तोंड भिंतीकडं केलं.

"आलं ना बोलावणं?" ती म्हणली. "संध्याकाळची गाडी हाये आई. सकाळची गेली."

राग असा आला की गाठ सुटेना. म्हटलं, मरो ते धान, मरो ती मिल, सडो सगळं, मी इथून हलत नाही. शेवटी दातानं गाठ सोडली. आत ओलं धान नव्हतं. पोहे होते. कोरडे, पांढरे, जाड, दोन किलो तरी असतील.

मी तिथंच उभ्या उभ्या बिरसावालीले फोन लावला अन् फोन पोरीच्या समोर धरला, तिलेही ऐकू जावं म्हणून. "ये क्या भेजा रे?"

"बाई, ये पूछने को नहीं भेजा," ती म्हणली. "बिटिया के खाने को भेजा है। इस बार के अच्छे निकले।"

पोरीनं भिंतीकडचं तोंड फिरवलं. पहिले गमछ्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं.

मी पोहे केले, कांदा, मिरची, वरून कोथिंबीर. बाळंतिणीले मिरची कमी. तिनं खाल्ले अन् अजून घेतले. मीही एक घास घेतला. अन् सांगते, माझ्यापेक्षा चांगले होते. मोकळे, मऊ, दाताले न चिकटणारे. अकरा वर्षांत माझा एकही हौद असा निघाला नव्हता. मले क्षणभर जळाल्यावानी झालं. मंग मी अजून एक बशी खाल्ली.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी मी बॅग काढली अन् साड्या घडी करायले बसली. पोरगी लेकराची लंगोटं वाळत घालून राह्यली होती. पाठमोरीच म्हणली, "आई, मिल चालून राह्यली ना?"

"हौ."

"चांगली?"

"चांगली."

"मंग तू कायले जातेस?" तिनं लंगोट दोरीवर झटकलं, अन् आवाज एकदम लहानपणीचा झाला. "अजून राह्य ना व आई."

चार वर्षं झाली होती, माझ्या पोट्टीनं माझ्यापाशी काही मागतलं नव्हतं.

मी फोन घेतला अन् गच्चीवर गेली. सहा वाजून गेलते. बिरसावालीनं उचलला. मागं हौदाच्या पाण्याचा आवाज, बायायचं बोलणं, भट्टीची फडफड. मी म्हटलं, "सुन, मैं परसों नहीं आती। पंद्रह दिन और लगेंगे। चलेगा क्या?"

"अं," तिचा आवाज तोंड बंद ठेवून बोलल्यासारखा. "रुको बाई, बाद में बोलो। मुँह में दाना है।"

अन् तिनं फोन ठेवून दिला. माझ्या मिलीत, माझ्या कामवालीनं, माझा फोन. मी गच्चीवर एकटीच हसली, डोळे पुसले, अन् खाली येऊन साड्या पुन्हा कपाटात ठेवल्या.